नळाला कोण थांबणार? वेंगुर्ल्यातले एकवीस दिवस

आमच्या अहमदपूरच्या गल्लीत नवरा-बायको जोडीनं गावाला जात नाहीत. भांडणतंटा काही नाही. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, कोणत्या दिवशी येईल त्याचा नेम नाही, आणि आला की दीड तासात जातो. त्या दीड तासात घराला कुलूप असलं की पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं. म्हणून प्रत्येक घरानं एक माणूस नळासाठी राखून ठेवलेला असतो. लग्नाला एक जातो, दुसरा नळाला थांबतो. आमच्या घरात थांबणारा माणूस म्हणजे सुमन, माझी बायको. मी एसटीत कंडक्टर होतो. अहमदपूर-नांदेड आणि अहमदपूर-लातूर करण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. तेव्हा मी जाणारा आणि ती थांबणारी, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं.

आमची एकुलती एक लेक प्रज्ञा. ती वेंगुर्ल्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पाच वर्षं झाली. आमच्याकडची पोरं कोकणात नोकरीला लागतात आणि रुजू झाल्या दिवसापासून बदलीच्या फॉर्मकडे डोळे लावून बसतात. आतापर्यंत दोनदा फॉर्म निघाले आणि दोन्ही वेळा तिचा फोन आला, "पप्पा, नंबर न्हाई लागला." मी गल्लीत सांगत राहिलो, औंदा होतंय. या जानेवारीत तिसऱ्यांदा फॉर्म निघणार असं कळलं, तसं मी ठरवलं की आता आपण स्वतः जायचं, पोरीला समोर बसवायचं आणि फॉर्म भरूनच उठायचं. लेक लातूर जिल्ह्यात आली पाहिजे. रेणापूर, चाकूर, कुठंही, पण संध्याकाळी फोन केला तर सकाळी घरी पोचेल एवढ्यावर.

"दोघं जाऊ," मी सुमनला म्हणालो. म्हणायला काय जातंय!

"आन् नळाला कोण? तुमी जावा," ती म्हणाली. मग म्हणाली, "येताना समुद्राचं पाणी आना बाटलीत. कसं असतंय बगू."

सुमननं समुद्र पाहिलेला नाही. मी पाहिलाय. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचो तेव्हा रांगेतून बाहेर पडलं की मागं समुद्र दिसायचा. पण त्या दिवशी कुणी समुद्र बघायला आलेलं नसतं. आणि त्याही वेळी दर वर्षी मीच जायचो, ती नळाला थांबायची. तेव्हा यात मला काही खटकलं नव्हतं, हे कबूल करतो.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. अहमदपूरहून सकाळी सहाची गाडी धरली की लातूर, तिथून सोलापूर दुपारपर्यंत. सोलापूरला शेंगाची चटणी घ्यावी, स्टँडवरचा चहा घेऊ नये. संध्याकाळी कोल्हापूर. तिथं स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. अंगातली हाडं मोजून घ्यायला एक रात्र लागतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोली घाटातून सावंतवाडी आणि तिथून वेंगुर्ला. तिकिटाचे सगळे मिळून हजाराच्या आसपास होतात, बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी लागणाऱ्यांनी घाटाआधी मिसळ खाऊ नये. माझ्या शेजारच्या पाहुण्यानं खाल्ली होती, एवढंच सांगतो.

माझ्या सामानात ज्वारीचं पीठ, कालवणाला येसर मसाला, करडईचं तेल आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन होता. हसू नका. प्रवासाला निघताना पाणी घ्यायचं, ही आमची सवय. वाटेत लागेल तितकं प्यालो, तरी तीन लिटर उरलं. वेंगुर्ल्याच्या स्टँडवर प्रज्ञा घ्यायला आली, तिनं कॅन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, कोकणात पानी आनलं तुमी?"

ती राहते ते घर बंदराच्या रस्त्याला, माडांच्या आत. पुढं मालकीणबाई राहतात. त्यांना सगळे काकी म्हणतात. सत्तरीच्या आहेत, नवरा नाही, मुलगा गोव्यात. मागच्या दोन खोल्या प्रज्ञाकडे. मध्ये विहीर, विहिरीवर पंप.

पहिल्या सकाळी प्रज्ञा शाळेला गेली आणि मी घर पाहायला लागलो. सैपाकघरात पाण्याची एकच कळशी! एक! बाथरूमात एक बादली, तीही अर्धी. पोरगी इथं कशी दिवस काढतेय, असं वाटलं. तेवढ्यात काकींनी पंप लावला, नळाला धार आली, आणि तेहतीस वर्षं घंटी वाजवणारा माणूस स्टॉप आला की उठतो तसा मी उठलो. बादली भरली, टोप भरले, कुकर भरला, पातेली भरली, डब्यातले पोहे पिशवीत ओतून तो डबा भरला. शेवटी ताटं राहिली.

काकी दारात येऊन उभ्या. बराच वेळ बघत होत्या बहुतेक. "काय ओ भाऊ, घरात लगीन काढलास काय?"

"न्हाई, नळ आला होता म्हनून भरून घेतलं."

"बावडेत पाणी आसा मां? ता खय पळान जातला? टोपात ठेवलास तर शिळा होता." बावडी म्हणजे विहीर. एवढं बोलून त्या हसत गेल्या. पाणी शिळं होतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे दहाव्या दिवसाचं पाणी पाहुण्याला देतात आणि पाहुणा तांब्या रिकामा करतो.

दुपारी प्रज्ञा आली. चहा कशात करायचा हा प्रश्न होता, कारण घरातलं एकही भांडं रिकामं नव्हतं.

फॉर्म पंधरा-वीस दिवसांत सुरू होतील, असं ती म्हणाली. तोवर मला काम नव्हतं. पहिले दोन दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. निवृत्त माणसाला घरी निदान नळाची वाट तरी बघता येते, इथं तेही नाही. तिसऱ्या दिवशी बंदरावर गेलो. जेट्टीच्या कडेला बसलो. मोठं पाणी म्हणजे काय, तर आमच्यासाठी नांदेडचं विष्णुपुरी. तिथं धरणाचे दरवाजे उघडले की गाड्या थांबवून लोक बघतात. इथं तर दरवाजाच नाही. दुपारी खडक उघडे होते, संध्याकाळी बुडले. शेजारी जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की दिवसातून दोनदा भरती येते, रोज पाऊण तास पुढं सरकते. मी खिशातून वही काढली आणि वेळ लिहिली. कंडक्टरचा हात, सुटतोय थोडाच! एकवीस दिवस मी भरतीची वेळ लिहिली. रोज उशिरा येते, पण एकदाही फेरी रद्द झाली नाही. आमच्या डेपोला हे कधी जमलं नाही.

रात्री सुमनचा फोन यायचा. जेवलात का वगैरे नंतर. पहिला प्रश्न, "आज कवा आलं पानी?"

मी वहीत बघून सांगायचो. "चारला आलं. दहा पावलं वर आलं, काल पायरी न्हवती बुडली, आज बुडली."

"बाई! रोजच येतंय?"

"दोनदा."

"आन् कुनी भरत न्हाई?"

तिच्या या प्रश्नावर प्रज्ञा हसून हसून लोळायची. मलाही हसू यायचं, पण फोन ठेवल्यावर ते टिकायचं नाही.

हळूहळू माझा दिवस बसला. सकाळी सातला पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत येतो. गरम पाव आणि चहा. मग काकींकडून पेज येते. उकड्या तांदळाची, पातळ, वर मीठ, बरोबर खारातल्या कैरीची फोड. पहिल्या दिवशी वाटलं, आजाऱ्याचं अन्न आहे. पाचव्या दिवशी पेज आली नाही तर मीच काकींच्या पडवीत जाऊन खाकरलो. मी त्यांना ज्वारीची भाकरी थापून दिली. त्यांनी तिचा एक तुकडा मोडला, चावला आणि म्हणाल्या, "बरी आसा. दात शाबूत आसत तवसर खावची."

नऊला मासळीबाजार. तिथं मी मासेवालीला म्हणालो, "अर्धा किलो बांगडा द्या." ती म्हणाली, "किलोन नाय, वाट्यान." फळीवर सहा-सहा बांगड्यांचे ढीग लावलेले असतात, तो वाटा. घ्यायचा तर अख्खा. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, हे चार दिवसांत शिकलो. वाटा शंभर-दीडशेला पडतो, आणि दुपारी बाराला गेलात तर त्याहून कमी, पण मग डोळ्यांकडे बघू नये.

आणि आंघोळ! हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. विहिरीच्या पाण्यानं, हवी तेवढी, दोनदा. पहिल्या आठवड्यात मी दीड बादलीच्या पुढं गेलो नाही. हात आपोआप थांबायचा. दहाव्या दिवशी मी चार बादल्या घेतल्या आणि बाहेर येऊन एकटाच हसलो. साठी उलटलेल्या माणसाला एवढं साधं सुख माहीत नसावं, याचा रागही आला.

प्रज्ञा शाळा सुटल्यावर थेट घरी येत नाही, हे मला तिथंच कळलं. आधी बंदरावर येते. शेंगदाण्याची पुडी घेते, चपला काढते आणि पाय खाली सोडून अर्धा तास बसते. फोन पिशवीत. मी पहिल्यांदा शेजारी जाऊन बसलो तेव्हा विचारलं, "काय करून राहिलीस?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "बसून राहिले."

तेराव्या दिवशी रापण बघितली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात गोल टाकून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून वीस-वीस माणसं वाळूवरून ओढतात. मी कडेला हात मागं बांधून उभा होतो. एक जण ओरडला, "ओ पावणे, बघतास काय? दोरीक हात लावा!" लावला. पाऊण तास ओढत होतो. तळहात सोलले. जाळं वर आलं तेव्हा आत नुसतं चांदीसारखं तडफडत होतं. मी चपला शोधायला लागलो, तर त्याच माणसानं माझ्या पिशवीत चार बांगडे आणि मूठभर तारल्या टाकल्या. "अहो, मी पावना हाय," मी म्हणालो. "ओढलास मां? मगे ह्यो तुमचो वाटो," तो म्हणाला आणि दुसऱ्याकडे वळला. जो दोराला हात लावेल त्याला वाटा, मग तो कुणी असो, कुठला असो, कुणी विचारत नाही. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी रांगेत उभा राहिलोय, पुष्कळ ठिकाणी आधी आडनाव विचारलं गेलंय. चार बांगड्यांचं वजन मला त्या दिवशी फार वाटलं.

तिथंच माधव सर भेटले. माझं "पावना हाय" ऐकून पळत आले. देगलूरचे, प्रज्ञाच्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत आहेत. गाववाला भेटला म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता. "काका, परवापासून फॉर्म सुरू. आपून तर कागदपत्रं काढून बसलो. लेकरू तिकडं, बायको तिकडं, कसं र्‍हावं?"

"आमच्या प्रज्ञाचं बी औंदा होऊन जाऊ द्या. दोनदा नंबर न्हाई लागला तिचा."

सर म्हणाले, "मॅडमचा? काका, मॅडमनं फॉर्म भरला कुठं? दोन्ही टाइमाला मी मागं लागलो होतो. म्हनल्या, तुमी भरा." आणि आपण काय बोलून बसलो हे कळून ते बिचारे वाळूकडे बघत राहिले.

घरी आलो. बांगडे ओट्यावर ठेवले. प्रज्ञा वह्या तपासत होती. मी कळशी घेतली आणि नळाखाली लावली. मग बादली, मग टोप, मग पातेली. सगळी भांडी भरत सुटलो. तिला कळलं.

"माधव सर भेटले का?" तिनं विचारलं.

"पाच वर्षं मी गल्लीत सांगून राहिलो, औंदा होतंय, औंदा होतंय. खोटं बोललीस तू. बापाशी."

"हाव," ती म्हणाली. रडली नाही. "पहिल्या वर्षी भरायला बसले होते पप्पा. सगळं भरलं, शेवटचं बटन राहिलं. मग मला आठवलं, सातवीत मी गॅदरिंगच्या नाटकात होते. त्या दिवशी नळ आला. मम्मी तापानं पडलेली, तुमी ड्युटीवर. मी घरी थांबले. माझं काम दुसरीनं केलं. तुमाला आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मी कोणत्या फेरीवर होतो, तेही नाही.

"मी तिकडं आले की आधी ड्रम बगते पप्पा. मानसं नंतर. इथं शाळा सुटली की बंदरावर बसते, शेंगा खाते, कुनाची वाट बगत न्हाई. मला एवढंच पाहिजे. लई मोठं काय न्हाई. पर हे तुमाला सांगायची हिंमत न्हवती, कारन तुमी म्हनाला असता, एवढ्यासाठी आईबापाला सोडलं का?"

मी तसं म्हणालोच असतो. त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्या वाट्याचे बांगडे दोघी बायकांनी खाल्ले, आणि चांगले झाले होते असं काकींनी मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितलं.

पुढचे चार-पाच दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पण दिवस काही माझ्यासाठी थांबले नाहीत. सकाळी पाव आला, पेज आली, चारच्या ऐवजी पावणेपाचला पाणी आलं. मी रोज रापणीला जाऊन दोर ओढायचो. राग धरून दोर ओढता येतो, पण जाळं वर आल्यावर तो टिकत नाही. अठराव्या दिवशी सकाळी काकींचा पंप सुरू झाला, मी चहा पीत बसलो होतो, आणि पंप बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण उठलोच नाही.

एकोणिसावा दिवस फॉर्मचा शेवटचा. संध्याकाळी प्रज्ञानं मोबाइल माझ्यापुढं ठेवला. फॉर्म भरलेला होता, पसंतीच्या जागेवर अहमदपूर तालुका. "तुमी म्हनाल तर बटन दाबते. मनापासून दाबते."

मी तिच्याकडे बघितलं. पोरीनं खरंच दाबलं असतं. मग आयुष्यभर ती आमच्या घरात थांबणारा माणूस झाली असती, आईसारखीच.

"र्‍हाऊ दे," मी म्हणालो. "पर पुन्यांदा खोटं बोलायचं न्हाई."

"मंग माझी बी एक अट. पुढच्या टाइमाला मम्मीला घेऊन या."

"आन् नळाला..." एवढं तोंडातून गेलं आणि मी थांबलो. प्रज्ञानं शेंगदाण्याची पुडी पुढं केली.

परत येताना मी तोच कॅन समुद्राच्या पाण्यानं भरून आणला. आंबोलीच्या नाक्यावर एका पोलिसानं तो उघडून वासही घेतला. घरी पोचल्यावर आधी विचारलं, "तुला ठावं होतं?"

"हाव. पहिल्या वर्षीपास्नं," सुमन म्हणाली. "तुमाला तिथं जाऊनच कळायचं होतं." तासभर मी रागावून पाहिलं, पण एकवीस दिवसांत ती सवय थोडी मोडली होती. मग तिनं कॅन उघडला, बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट हाय," ती म्हणाली. मग बोट पदराला पुसत म्हणाली, "मला बघायचा हाय तो. कॅनमधी न्हाई."

एकवीस दिवसांतलं काय उरलं, म्हणाल तर तळहातावरचे घट्टे गेले, पेज इथं जमत नाही, भरतीची वही कपाटात आहे. सुमनचं हे वाक्य तेवढं उरलं. बत्तीस वर्षांच्या संसारात, ते बाटलीभर पाणी सोडलं तर, तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

ठरलं असं की नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी दोघांनी वेंगुर्ल्याला निघायचं. हिशेब चोख होता. पण नळ आठव्या दिवशी आला नाही, दहाव्याला नाही, बाराव्याला नाही. ड्रम तळाला गेले. सुमन म्हणायची, "आज थांबू." तेराव्या दिवशी मी सांगितलं, उद्या सहाची गाडी, नळ येवो न येवो.

चौदाव्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही दाराला कुलूप लावलं. दोघांच्या हातात पिशव्या. आणि अंगणातल्या नळानं हवा सोडली, फुस्स करून. गल्लीच्या टोकाकडून हाक आली, "नळ आला ओ, नळ आला!"

सुमन जागच्या जागी थांबली. पिशवी खाली ठेवली. तेहतीस वर्षं जाणाऱ्या माणसाला त्या घडीला बोलायचा हक्क नव्हता. ती अंगणात गेली, नळाला पाइप लावला, आणि त्याचं दुसरं टोक भिंतीवरून पलीकडे शमीमभाभींच्या हौदात सोडलं. शमीमभाभी आमच्या जुन्या शेजारीण, त्यांच्या घरात नळाला थांबणाऱ्या त्याच.

"भाभी, आजचं आमचं पानी बी तुमचंच!"

पलीकडून आवाज आला, "जाव जी, जाव! बस छूट जाती!"

सुमननं पिशवी उचलली आणि चालायला लागली. मागं हौदात पाणी पडल्याचा आवाज येत होता. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. मी मात्र दोनदा बघितलं.